डाव्या कोपऱ्यातलं बटण

टकटकबाईंना तोंडावर टकटकबाई म्हणायची कुणाची छाती नव्हती. तोंडावर सगळे नुसतं 'बाई' म्हणत, शिपायापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत. पाठ वळली की टकटकबाई. नाव टाइपरायटरच्या जमान्यातलं. तो टाइपरायटर केव्हाच भंगारात गेला, त्याच्या जागी कॉम्प्युटर आला, तो जाऊन दुसरा, दुसरा जाऊन तिसरा. बाईंची बोटं मात्र तीच राहिली आणि नावही चिकटून राहिलं.

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर जिथे रिपोर्ट मिळतात, त्या काउंटरच्या मागे बाईंची खोली. खोली कसली, फळ्या मारून काढलेला कोनाडाच. एक टेबल, एक खुर्ची, काउंटरच्या बाजूला एक सरकती काच. वरच्या मजल्यावर सोनोग्राफीचे डॉक्टर पेशंट तपासता तपासता बोलत, ते बाईंच्या हेडफोनमध्ये येई आणि बोटांतून थेट कागदावर उतरे. चौतीस वर्षं हेच. डॉक्टरांचं बोलणं म्हणजे तोंडात सुपारी धरल्यासारखं, पण बाईंनी एकदाही 'काय म्हणालात?' असं विचारलं नव्हतं. उलट डॉक्टरच कधी डावा-उजवा गुर्दा उलटसुलट बोलले, तर बाई फोन उचलून म्हणत, "डॉक्टर, मघाशी डावा होता. एवढ्यात जागा बदलली का त्याने?"

अशा बाईला हात कोण लावणार? आणि तीच तर त्यांची सोय होती. कारण गेली दोन वर्षं टकटकबाईंना समोरचं दिसत नव्हतं.

म्हणजे आंधळ्या नव्हेत. सुरुवात दाराच्या चौकटीपासून झाली. सरळ चौकट एके दिवशी मध्येच पोक आल्यासारखी दिसायला लागली. बाईंनी आपल्या हॉस्पिटलमध्ये डोळे दाखवले नाहीत. तिथे दाखवले असते तर रोगाचं निदान त्यांच्या आधी कँटीनला कळलं असतं. दोन बस बदलून त्या शहराच्या दुसऱ्या टोकाला गेल्या. तिथल्या डॉक्टरणीने सांगितलं, नजरेच्या मधोमध धुरकट डाग आहे, तो सावकाश वाढेल, त्यावर उपाय नाही. कडा शाबूत राहतील. झालं. त्या दिवसापासून बाई माणसाकडे बघायच्या तर मान जरा वळवून, डोळ्यांच्या कोपऱ्यातून. लोक म्हणाले, बाईंचा तोरा वाढला. बाईंनी म्हणू दिलं. मुळातच जी बाई फटकळ, तिच्यावर तोरा खपून जातो.

काम मात्र अडलं नाही. टाइप करायला डोळे लागतच नाहीत, ती बोटांची विद्या. डोळे लागतात ते फाइल उघडायला. त्यालाही बाईंनी तोड काढली होती. स्क्रीनच्या खाली डाव्या कोपऱ्यात ते मुख्य बटण. माउस आंधळेपणाने डावीकडे खाली लोटायचा, तो कोपऱ्यात जाऊन अडकतो, की दाबायचं. मग बाण तीनदा वर, एकदा उजवीकडे, आजची यादी उघडते. पहिला पेशंट पहिला, दुसरा दुसरा. डॉक्टर बोलताना नाव घेत नसत, 'पुढचा' म्हणून सुरू करत. बाईही बाण एकदा खाली दाबून पुढच्यावर जात. शेवटी स्क्रीनकडे तिरकं बघून ठळक केलेल्या नावाची खात्री करत. निवृत्तीला तीन वर्षं होती. एवढी तीन वर्षं हे असंच निभावून न्यायचं आणि कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलेलं होतं. टायपिंग गेलं तर घरी बसून करायचं काय? काचेच्या पलीकडून 'बाई, झाला का हो?' ही हाक नाही, तर दिवस उगवतो कशाला?

आणि त्या सोमवारी सगळे कॉम्प्युटर बदलले.

डबे तेच, आतली सिस्टीम नवी. कॉम्प्युटर सांभाळणारा चाळिशीतला माणूस, गळ्यात कायम वायरचं वेटोळं, म्हणून त्याचं नाव केबल. केबल खोलीखोलीतून फिरला आणि त्याच्या मागोमाग आरडाओरडा फिरला.

"काय रे हे? सगळी चित्रं मधोमध येऊन बसली?" स्टोअरकीपर ओरडला. "माझ्या घरात माझ्या मागे कुणी येऊन कपाटं हलवली तर मी पोलिसात जाईन!"

मोठ्या सिस्टरना कडा गोल केलेल्या आवडल्या नाहीत. "सगळं कसं लहान मुलांच्या खेळण्यासारखं. मी इथे सलाइन मागवते, लाडू नाही."

शिकाऊ डॉक्टरांना मात्र बेहद्द आवडलं. "किती मोकळं वाटतं!" असं त्यातली एक म्हणाली, तेव्हा स्टोअरकीपर म्हणाला, "मोकळं वाटणारच. माझ्या सगळ्या फायली कुठे गेल्या, कुणाला ठाऊक!"

काउंटरवर बसणारी बाई, तिशीतली, तोंडाने बाईंच्याच वळणावर गेलेली, तिने काचेतून डोकं आत घातलं. "बाई, तुमचं काय मत?"

"माझं मत विचारून बदललं का? मग आता कशाला विचारतेस?"

बाई बोलल्या ठसक्यात, पण काम अडलं होतं. माउस डाव्या कोपऱ्यात लोटला, दाबला, काहीच झालं नाही. कोपरा रिकामा! बटण मधोमध गेलेलं. बरोबर तिथे, जिथे बाईंच्या नजरेत डाग होता. बरं, ते तिथे तरी एका जागी बसेल? एक फाइल उघडली की सगळी रांग थोडी डावीकडे सरके, दुसरी उघडली की आणखी थोडी. नावांची अक्षरंही फिकट, राखाडी, उपाशी माणसासारखी सडपातळ. तिरकं बघून त्यातलं अर्धंमुर्धंच हाती लागे.

दुसरी कुणी असती तर रडली असती. बाईंनी तीन दिवसांत कीबोर्डवरून नवी वाट पाडली. कुठल्या दोन कळा एकदम दाबल्या की यादी उघडते, हे त्यांनी केबलकडून काढून घेतलं, तेही "बघू तुला तरी येतंय का" असं म्हणून. गुरुवारपर्यंत गाडी रुळावर आली. पण नाव वाचून बघायची जी शेवटची खात्री होती, ती सुटली. बाईंनी ठरवलं, क्रम आहे ना, क्रमावर चालायचं.

अडचण दुसरीकडूनच आली. बुधवारी सगळ्यांच्या स्क्रीनवर एक फॉर्म झळकला होता. नवी सिस्टीम कशी वाटली? खाली पाच चेहरे. तुम्हाला वाटतं तो दाबा, नाव गुप्त राहील. बाईंना पाच पिवळे गोल दिसले, तेही कडेकडेचे. त्यांनी विचार केला, रडका पहिला असणार, मग चढत चढत हसरा. नाव गुप्तच आहे तर मन मोकळं करावं. त्यांनी डावीकडचा पहिला ठसकन दाबला.

तो हसरा होता. नुसता हसरा नव्हे, दात काढून हसणारा.

आणि नाव गुप्त वगैरे काही राहिलं नाही. गुरुवारी दुपारी प्रशासनाच्या मॅडम कागद फडकवत खाली आल्या. या मॅडम सगळ्या गोष्टी हसत करत, मेमोसुद्धा हसत देत. "पन्नाशीच्या पुढच्या बावीस जणांत एकवीस रडतात," त्या म्हणाल्या, "आणि एकच व्यक्ती अत्यंत खूष आहे. आपल्या बाई!"

काउंटरवाली वळून बघायला लागली. स्टोअरकीपर तिथेच होता. त्याचा चेहरा पडला. "बाई, तुम्ही आमच्यातून फुटलात?"

"शनिवारी चार वाजता सगळ्यांना सभागृहात बोलावते," मॅडम म्हणाल्या. "बाई, तुम्ही पडद्यावर करून दाखवायचं. तुम्हाला जमतं म्हटल्यावर बाकीच्यांना बोलायला जागा उरणार नाही."

बाई त्याच क्षणी म्हणू शकल्या असत्या, अहो, चुकून दाबला गेला. पण 'चुकून कसा?' हे त्याच्या मागोमाग आलंच असतं. पाच चेहऱ्यांतला हसरा आणि रडका ओळखता येत नाही, हे काय सांगणार? बाईंनी मान हलवली. "बघू," म्हणाल्या.

शुक्रवारी सकाळी सोनोग्राफीला दोनच पेशंट होते. पहिले एक आजोबा, उंच, टापटीप, खिशात कंगवा ठेवणारे. दुसरी सातव्या महिन्यातली मुलगी, सासूबरोबर आलेली. डॉक्टर बोलले, बाईंनी टाइप केलं. पहिल्याचं पहिल्या फाइलीत, दुसऱ्याचं दुसऱ्या. डॉक्टरांनी सह्या केल्या. डॉक्टर सही करताना मजकूर वाचत, वरचं नाव वाचत नसत. बाईंच्या हातच्या कागदावरचं नाव काय वाचायचं?

फक्त एवढंच झालं होतं की आदल्या रात्री कॉम्प्युटरने आपलं आपणच काहीतरी नवं बसवून घेतलं होतं, आणि यादी उलटी झाली होती. नंतर आलेला वर, आधी आलेला खाली.

अकराच्या सुमाराला काचेपलीकडे हशा उसळला. आजोबा काउंटरवर उभे राहून, चष्मा नाकावर ओढून, खणखणीत आवाजात वाचत होते. "बाळाची वाढ व्यवस्थित. हृदयाचे ठोके उत्तम. बाळ आडवे नाही." त्यांनी कागद खाली ठेवला. "मी घरी सांगतच होतो, पोटात काहीतरी हलतंय म्हणून. आमच्या हिला पटेना!"

काउंटरवाली टेबलावर डोकं ठेवून हसत होती. रांगेतले हसत होते. आजोबा म्हणाले, "पेढे-बिढे आत्ताच सांगू का थांबू?" आणि पुन्हा हशा. बाईंनाही हसू फुटलं. हेडफोन काढून त्या खुर्चीत मागे रेलल्या आणि हसता हसताच एकदम ताठ बसल्या.

कारण आजोबांचं जे होतं, ते बाईंनीच टाइप केलं होतं. यकृतात गाठ. तीन सेंटीमीटर. पुढील तपासणी तातडीने.

मग ते कुणाच्या हातात आहे?

बाई उठल्या. चौतीस वर्षांत कामाच्या वेळेत त्या कधी काउंटरच्या बाहेर आल्या नव्हत्या, म्हणून काउंटरवालीही उठली. "काय झालं, बाई?"

"ती पोरगी कुठाय? सातव्या महिन्यातली?"

भिंतीकडच्या बाकावर होती. बाईंनी मान वळवून, कडेच्या नजरेने पाहिलं. कागद मांडीवर, चेहरा पदरात, आणि सासू तिच्या पाठीवरून हात फिरवत नुसतं "काही नाही होत, काही नाही होत" म्हणत होती.

बाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "हा कागद तुझा नाही. ऐकतेस का? चूक माझी आहे. तुझं बाळ छान आहे, ठोके उत्तम आहेत. मी स्वतः लिहिलंय."

पोरीने वर पाहिलं. "नक्की?"

"नक्की. बाळ आडवं नाही, आहे तसं सरळ आहे. आडवी मी आले मध्ये."

सासूने बाईंचा हात घट्ट धरला आणि मग एकदम फटकारलं, "अहो, वीस मिनिटं माझी सून इथे मरत होती!" बाईंनी ऐकून घेतलं.

कागद हातात घेऊन त्या काउंटरशी आल्या तेव्हा आजोबा अजून हसतच होते. हसता हसता बाईंच्या हातातल्या कागदाकडे बघून म्हणाले, "हां, आणा इकडे. माझ्यात काय निघालं? मुलगी नाही ना?"

बाईंनी कागदाची घडी घातली. "हे डॉक्टर सांगतील. चला, मी येते वर तुमच्याबरोबर."

"बाई तुम्ही कशाला? जिना आहे."

"मला चढता येतो जिना."

आजोबा शहाणे होते. तिसऱ्या पायरीवर त्यांचं हसू गेलं. पाचव्या पायरीवर त्यांनी कठडा धरला. डॉक्टरांच्या दाराबाहेर दोघं पाऊण तास बसली. आजोबांनी खिशातला कंगवा काढून भांग सारखा केला, परत ठेवला, पुन्हा काढला. बाई उठून गेल्या नाहीत.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी नवऱ्याला सांगितलं. नवरा घड्याळजी. आता दुकान बंद, पण ओळखीपाळखीचे लोक घड्याळं घरी आणून देत आणि हा खिडकीशी बसून डोळ्याला भिंग लावून ती उघडत असे. सबंध हकिगत सांगून झाल्यावर बाई म्हणाल्या, "आणि हे सगळं का झालं सांगू? मला मधलं दिसत नाही. दोन वर्षं झाली."

घड्याळजींनी भिंग काढलं. "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"अगं, दोन वर्षं मी साखरेचा डबा साखरेच्या जागी ठेवतोय. चहाचा चहाच्या जागी. सुरी उजव्या खणात, मूठ बाहेरच्या बाजूला. आयुष्यात कधी मला वस्तू जागेवर ठेवताना बघितलंस?"

बाई बघतच राहिल्या, तिरक्या. "मला वाटलं, म्हातारपणी सुधारलात."

"सुधारतोय! कंबर मोडली माझी उचलून ठेवता ठेवता."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलली नाहीस." त्यांनी घड्याळाचं झाकण हलकेच बसवलं. "मला वाटलं, घरात डबे मी सांभाळतो, तिकडे तुझं तू सांभाळत असशील. आज त्या म्हाताऱ्याचं ऐकून वाटतं, विचारायला हवं होतं."

मग बाई उठल्या आणि त्यांनी चहा ठेवला. डबा होता तिथेच होता.

शनिवारी चार वाजता सभागृह भरलं. मोठा पडदा, खाली टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, आणि मागे वेटोळं सावरत उभा केबल. मॅडम हसून म्हणाल्या, "कालची किरकोळ गडबड सोडा. आता बाई आपल्याला दाखवतील."

बाई उभ्या राहिल्या. बसल्या नाहीत.

"किरकोळ नव्हती ती," त्या म्हणाल्या. "तुम्ही सगळे आजोबांच्या बाळाला हसलात. मीही हसले. ती गाठ आजोबांची होती. पोरगी वीस मिनिटं रडली, आणि आजोबा गाठ पोटात घेऊन पेढ्यांचं बोलत होते. माझ्या हातून झालं. मला मधलं दिसत नाही. कडेचं दिसतं, मधलं नाही. जुन्यावर कोपरा धरून चालवत होते, नव्यावर कोपराच राहिला नाही. यादी उलटी झाली तेही दिसलं नाही. आणि तो हसरा चेहरा मी रडका समजून दाबला होता."

स्टोअरकीपर तेवढा हळूच म्हणाला, "म्हणजे फुटल्या नव्हत्या."

मॅडमचं हसू गेलं होतं. हसू नसताना त्या बऱ्या दिसतात, असं काउंटरवाली नंतर म्हणाली. "बाई, हे आधी का नाही सांगितलंत?"

"खुर्ची जाईल म्हणून. दुसरं काय? आता जायची तर जाऊ दे. पण ती जाईल न जाईल, डॉक्टरांनी आधी पेशंटचं नाव तोंडाने घ्यायचं, मग पुढे बोलायचं. 'पुढचा' काय 'पुढचा'? आणि फाइल मी उघडणार नाही. दुसऱ्या कुणीतरी उघडायची, नाव मोठ्याने वाचायचं, मी ते परत म्हणेन, मगच बोटं चालतील. हे मी गेल्यावर येईल त्यालाही लागू. डोळे धड असलेलेही चुकतात. काल सही करणाऱ्याचे धड होते."

सोनोग्राफीचे डॉक्टर दुसऱ्या रांगेत बसले होते. त्यांनी खाली बघितलं, मग हात वर केला, शाळेतल्यासारखा. "मान्य."

"फाइल मी उघडीन," काउंटरवाली मागून ओरडली. "काच उघडी ठेवली की झालं. नाहीतरी दिवसभर ओरडतच असते मी."

मॅडम म्हणाल्या, सोमवारी डोळ्यांचा रिपोर्ट घेऊन भेटा, मग ठरवू. तोवर बाई म्हणतात तसं चालू दे. बाईंना यापेक्षा जास्त अपेक्षा नव्हती आणि कमीही नव्हती.

लोक उठायला लागले तसा केबल पुढे आला. कान लाल झालेले. "बाई, ते बटण डावीकडे नेता येतं हो. अक्षरंही जाड करता येतात. यादीसुद्धा सुलटी होते. पाच मिनिटांचं काम आहे."

"मग सोमवारी का नाही सांगितलंस?"

"कुणी विचारलंच नाही. सगळ्यांनी नुसत्या शिव्या घातल्या."

"मला विचारायचं होतं."

"तुम्ही तर हसरा दाबला होता."

केबलने तिथेच बसून बटण डाव्या कोपऱ्यात सरकवलं. बाईंनी माउस डावीकडे खाली लोटला, तो कोपऱ्यात जाऊन अडकला. दाबला. बाण तीनदा वर, एकदा उजवीकडे, यादी उघडली. डाग होता तिथेच होता, पण निदान त्याच्याखाली आता काही ठेवलेलं नव्हतं.

"तो फॉर्म परत काढ," बाई म्हणाल्या.

"रडका उजवीकडून पहिला, बाई."

"चेहरे नकोत मला. लिहायला जागा नाही का कुठे?"

होती. चेहऱ्यांच्या खाली एक लांबट चौकोन होता. केबल म्हणाला, त्यात आजवर कुणी काही लिहिलेलंच नाही. बाई खुर्चीत नीट बसल्या, मनगटं टेबलाला टेकवली, नजर पडद्याच्या कडेवर ठेवली आणि बोटं सुटली. रिकाम्या होत चाललेल्या सभागृहात तो आवाज सगळीकडे ऐकू गेला. दारापाशी पोचलेला स्टोअरकीपर थांबला, मागे वळला आणि बाईंच्या पाठीमागे येऊन उभा राहिला.

"बाई," तो म्हणाला, "माझ्या फायलींचंही घाला त्यात दोन ओळी."

"रांगेत उभा राहा," बाई म्हणाल्या. बोटं थांबली नाहीत.